पराभवानंतरची श्रद्धा

खात्याच्या परीक्षेत मी तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्याचे म्हैसूरच्या विजयनगरातील बिऱ्हाडी कळले, तेव्हा पहिला राग आला तो देवाचा. परीक्षेपूर्वी मी चामुंडीच्या हजार पायऱ्या चढून आलो होतो. मोबदल्यात काय हवे, तेही स्पष्ट सांगितले होते. कारकुनाची श्रद्धा ती, अर्जाची पोच मागणारी!

त्या रात्री तुकोबांची आठवण झाली. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले. एक पत्नी अन्नावाचून गेली. हे दुःख आपण संतपदाची पायरी म्हणून वाचतो, आणि तेथेच चुकतो असे मला वाटते. भुकेने मेलेले माणूस कोणाच्या उन्नतीसाठी मेलेले नसते. दिवाळ्याबद्दल तुकोबांनी एका अभंगात देवाचे आभारही मानले आहेत, हे खरे. परंतु ते म्हणण्याचा अधिकार त्यांचा, आपला नव्हे. आणि ते म्हणणेही पुढचे. त्याआधी, लाजेने व दुःखाने खचले असताना, देहूचे भंगलेले देऊळ नीट करावे असे त्यांच्या मनात आले. ज्याचे स्वतःचे घर सावरले नव्हते, त्याने देवाचे सावरावयास घेतले! आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. जगाकडून येणे उरले नाही, तेव्हा देवाकडचे मागणेही सरले असावे.

माझे अपयश त्यापुढे क्षुल्लकच. तरी गेल्या रविवारी पुन्हा डोंगर चढलो. वाटेतल्या मोठ्या नंदीपाशी दम खाल्ला, वर देवीपुढे उभा राहिलो. परीक्षेची गोष्ट काढावयाची राहूनच गेली.