पाण्यातलं न कुजणारं झाड

शोभेचे मासे विकणाऱ्या कुठल्याही दुकानात टाक्यांच्या वर भिंतीला पाकिटं टांगलेली असतात. त्यांत झाडं असतात: पोपटी, लाल, जांभळी, काही तर अंधारात चमकणारी. एखादं हातात घेऊन निरखलं तर पानाच्या कडेने साच्याची बारीक रेघ बोटाला लागते. बुडाशी जड बैठक असते, म्हणजे झाड पाण्यात उभं राहावं. दुकानदार विकताना एकच गुण सांगतो, की याला काही करावं लागत नाही. खत नको, वेगळा दिवा नको, पानं कुजायची भीती नको. घरी टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांना हे पटतं आणि पटण्यासारखं आहेच. मला मात्र हे वाक्य तपासून बघावंसं वाटतं, कारण पाण्यातल्या झाडाला पुष्कळ काम असतं. नकली झाड ते करत नाही. मग ते कोण करतं?

आधी माशाची बाजू, कारण घरातला वाद नेहमी तिथूनच सुरू होतो. बिचाऱ्या माशाला आपण फसवतो आहोत का? माझं मत असं, की नाही. माशाला झाडाकडून पहिली गोष्ट हवी असते ती आड. उघड्याबोडक्या टाकीत मासा कोपऱ्यात दबून बसतो, त्याचा रंग फिका पडतो. चार झुडपं लावली, लपायला जागा झाली, की तोच मासा मोकळा होऊन समोर पोहतो. लपता येतं म्हणूनच तो दिसायला लागतो. ही आड प्लास्टिकची आहे की हिरव्या पेशींची, याने त्या क्षणी फरक पडत नाही. फरक पडतो तो कडांनी. ज्याला आपल्याकडे फायटर म्हणतात तो मासा मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला, उथळ पाण्यातला. तो वर येऊन हवेचा घोट घेतो आणि पृष्ठभागाजवळच्या रुंद पानावर टेकून विसावतो. त्याचे पर रेशमासारखे असतात आणि कडक प्लास्टिकच्या पात्याने ते चिरतात. म्हणून जाणते लोक झाड टाकीत सोडण्याआधी त्यावरून नायलॉनचा पायमोजा फिरवतात. मोजा अडकला तर पर फाटणार, हे नक्की.

शिवाय सगळ्याच माशांच्या घरात झाडं असतात, ही आपली समजूत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले ते निळे-पिवळे मासे खडकांच्या फटींत राहतात. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांत गळलेल्या पानांच्या थरावर वावरणारा. गोल्डफिश आणि ऑस्कर तर जिवंत झाड लावलं की आठवड्याभरात उपटून किंवा खाऊन संपवतात. तेव्हा हिरवीगार टाकी ही माशाची गरज असण्यापेक्षा बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांची हौस असते.

पण झाड टाकीत आलं ते हौसेने आलं नव्हतं. 1771 साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची काडी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते असं पाहिलं. 1779 मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवलं, की हे काम झाडाचा हिरवा भाग करतो आणि तेही उजेडातच. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे धरतात, हे त्यानेच नोंदवलं. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिलाची डहाळी ठेवून परीक्षानळीत बुडबुडे गोळा केलेल्या प्रत्येकाने त्याचाच प्रयोग केलेला आहे.

पुढचं पाऊल लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनचं. हा रसायनशास्त्रज्ञ. काचेच्या मोठ्या भांड्यात त्याने वाळू, चिखल, दगड घातले, दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया लावली. फितीसारख्या लांब पानांची ही वनस्पती आपल्या तळ्यांतही उगवते. पाणी न बदलता मासे जगतात का, हे त्याला बघायचं होतं. मासे जगले, पण जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा चिकट थर चढला. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि थर खाऊन टाकला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी निवळलं. 1850 साली त्याने हे छापून प्रसिद्ध केलं आणि तीनच वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं.

वॉरिंग्टनच्या भांड्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोगलगाय. मासा आणि झाड यांचा हिशेब कागदावर तेव्हाच जुळला होता: एकाने सोडलेलं दुसऱ्याने घ्यायचं. पण झाड मरतंसुद्धा, त्याची पानं सडतात आणि त्या सडण्यालाही कुणीतरी गिऱ्हाईक लागतं, हे गोगलगायीने शिकवलं. मत्स्यालय त्या दिवशी पुरं झालं, असं मला वाटतं.

नंतर वीज आली. हवेचा पंप आला, फिल्टर आला. पाण्यात प्राणवायू मिसळायचं काम मोटर करू लागली, गाळ अडवायचं काम स्पंज करू लागला. झाड टाकीत राहिलं, पण कामावरून उतरलेलं. ते शोभेचं झालं. प्लास्टिक स्वस्त झालं तेव्हा शोभेच्या वस्तूच्या जागी दुसरी शोभेची वस्तू आली, एवढंच. माझा सगळा मुद्दा इथे आहे. झाड नकली झालं ते साच्यातून पानं निघाली त्या दिवशी नव्हे. त्याच्याकडे सजावट म्हणून बघायला लागलो तेव्हाच ते अर्धं नकली झालं होतं.

तरी एक काम उरलंच. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि तो त्याला स्वतःलाच विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर जिवाणू वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढा धीर नसल्यामुळेच हौसेने आणलेले पहिले मासे मरतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते जात कुठे नाही, साठत राहतं. जिवंत झाड अमोनिया थेट शोषतं, नायट्रेटही घेतं आणि त्याचं पान करतं. आपण वाढलेली पानं कात्रीने छाटून बाहेर टाकतो तेव्हा माशाने खाल्लेल्या अन्नाचा तो भागच टाकीबाहेर काढत असतो. प्लास्टिकच्या झाडांच्या टाकीत हे काम बादलीने होतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी नळीने उपसायचं, तळातला गाळ ओढायचा, क्लोरीन काढून टाकलेलं ताजं पाणी भरायचं. ज्या घरात कुणी हे नेमाने करतं त्या घरात व्हॅलिस्नेरियाचं काम माणूस करतो आहे. दुकानदाराच्या वाक्यात हाच भाग राहून जातो.

म्हणून मी कृत्रिमतेला नाकं मुरडणार नाही. कृत्रिम झाड किती उंचीला जाऊ शकतं याचं उदाहरण ड्रेस्डेनजवळच्या ब्लाश्का बापलेकांनी घालून दिलं आहे. लिओपोल्ड ब्लाश्काने 1863 साली तिथल्या संग्रहालयासाठी काचेची समुद्रफुलं, म्हणजे फुलांसारखे दिसणारे समुद्री प्राणी, घडवली, कारण खरी समुद्रफुलं मद्यार्कात ठेवली की रंग आणि आकार दोन्ही गमावतात. त्याच्यासमोर चित्रं होती फिलिप हेन्री गॉसची, ज्याच्या पुस्तकांनी इंग्लंडमध्ये घरोघरी मत्स्यालयाचं वेड पसरवलं. पुढे लिओपोल्ड आणि मुलगा रुडॉल्फ यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी 1887 ते 1936 या काळात काचेच्या वनस्पती केल्या: 4,000हून अधिक नमुने, परागकोशापर्यंत अचूक. शेवटच्या काळात एकट्या राहिलेल्या रुडॉल्फने तिथे काय घडवावं? सडणारी फळं. बुरशी चढलेली स्ट्रॉबेरी, डागाळलेली पानं, रोगाने वाळलेल्या फांद्या. न कुजणाऱ्या काचेत त्याने कुजणं कोरलं. झाडाचं पूर्ण ज्ञान हवं तर त्याचं मरणही दाखवावं लागतं, हे त्या कारागिराला कळलं होतं. साच्यातल्या प्लास्टिकच्या पानाचं उणं मला इथे दिसतं. ते एकाच वयाचं असतं. त्याला कोंब नसतो, पिवळी कडा नसते, खालचं जुनं पान नसतं.

याउलट जिवंत झाडांची टाकी म्हणजे निसर्गच, असंही म्हणवत नाही. जपानच्या ताकाशी अमानोने (1954–2015) झाडं, दगड आणि ओंडके रचून पाण्याखाली अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. लिस्बनच्या मत्स्यालयातली त्याची 40 मीटर लांबीची टाकी 2015 मध्ये खुली झाली. ती बघणाऱ्याला भान राहत नाही. पण त्यामागे प्रखर दिवे आहेत, सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आहे आणि कात्री घेऊन पाण्यात उतरणारी माणसं आहेत. खऱ्या पाणवनस्पतीला ऋतू असतो. साताऱ्याच्या कास पठारावर वायतुरा नावाची पाणवनस्पती आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, जगात फक्त सह्याद्रीच्या सड्यांवर सापडणारी. पावसाळ्यात डबक्यांतून ती वर येते, दोन फाट्यांचा गुलाबी तुरा काढते आणि पाणी आटलं की कंद होऊन मातीत झोपते. वर्षातला बराच काळ ती दिसतच नाही. आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीत अशा झोपेला जागा नाही. बारमाही हिरवं हवं, ही आपली मागणी जिवंत झाडावरही प्लास्टिक होण्याची सक्ती करते.

आणि जिवंत झाड घराबाहेर पडलं तर काय होतं तेही बघितलेलं बरं. शाळेतली ती हायड्रिला 1950च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिने तिथली तळी, कालवे भरून टाकले. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलं, हे पुण्यात मुठेच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं. टाकीतली छाटणी नाल्यात किंवा तळ्यात टाकू नये, वाळवून कचऱ्यात टाकावी, एवढी दक्षता जिवंत झाड मागतं.

फ्लॅटमध्ये दोन फुटी टाकी, ऊन येत नाही, घरातली सगळी दिवसभर बाहेर, टाकीत दोन गोल्डफिश. अशा घराला मी जिवंत झाडाचा आग्रह करणार नाही. प्लास्टिक असू दे, फक्त मऊ पानांचं घ्यावं. महिन्याभरात त्यावर तपकिरी-हिरवा थर चढेल. तो सगळा घासून लख्ख करायची घाई नको, कारण त्या थरात जिवाणू राहायला आलेले असतात आणि मासे तिथे टोचा मारून खातात. बादली चुकवू नये. आणि खिडकीत बाटलीत वाढणारा मनीप्लँट बहुतेक घरांत असतोच, त्याचा एक वेल टाकीच्या काठावर आणावा. पानं बाहेर, मुळं पाण्यात. पानांना कार्बन डायऑक्साइड हवेतून फुकट मिळतो, उजेड थोडा असला तरी भागतं आणि मुळं नायट्रेट ओढत राहतात. गोल्डफिश मुळं कुरतडू लागले तर मुळांभोवती प्लास्टिकची जाळी बांधावी.