सातबाऱ्यावर नसलेला नकार

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग सुरू होतो पवनारला. हे कोणी मुद्दाम ठरवलं असेल असं वाटत नाही. नकाशावर ते सोयीचं पडलं असेल. पण पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा आमच्याच जिल्ह्यातून पायी तेलंगणाकडे निघाले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना पहिली शंभर एकर जमीन दान मिळाली. त्यानंतर कित्येक वर्षं ते गावोगाव फिरले. मला तुमचा सहावा मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते जमीनदारांना म्हणायचे. समोरच्याने नाही म्हटलं तर पुढच्या गावाला निघायचे.

आता त्याच गावाहून सुमारे 802 किलोमीटरचा रस्ता निघणार आहे. आराखड्यात बारा जिल्हे, खर्च 86 हजार कोटींच्या वर. 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि भूसंपादनासाठी 20 हजार कोटींची तरतूद केली. लागणारी जमीन साधारण साडेसात हजार हेक्टर. इथे कोणी नाही म्हटलं तरी रस्ता पुढच्या गावाला निघून जाणार नाही.

या विरोधाभासावर व्हॉट्सॲपवर बरेच फॉरवर्ड फिरले. मला तो जरा स्वस्त वाटतो. दानावर महामार्ग बांधता येत नाहीत. आठशे किलोमीटरमध्ये एका माणसाने मान हलवली नाही तर सगळंच अडतं, म्हणून जगातल्या प्रत्येक सरकारने सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला आहे. आणि मी पुण्यात कोड लिहितो, दिवाळीला समृद्धीने वर्ध्याला येतो, येळाकेळीच्या इंटरचेंजला उतरतो. माझ्या चाकाखालीही कोणाचं तरी वावर आहे. रस्ताच नको असं मी म्हणू लागलो तर माझं मलाच हसू येईल.

मग प्रश्न उरतो तो असा: ज्या नकाराने काही थांबणार नाही, त्या नकाराला किंमत काय?

कायद्याने याचं उत्तर आकड्यांत दिलं आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकार आणि खासगी भागीदारी असेल तर 70 टक्के जमीनमालकांची. सरकार स्वतःच्या सार्वजनिक कामासाठी घेत असेल तर शून्य. म्हणजे घेणारा जितका ताकदवान, तितकी देणाऱ्याच्या होकाराची गरज कमी. हा उतार मला उलटा वाटतो.

शक्तिपीठला सगळ्यात मोठा विरोध झाला कोल्हापूर-सांगलीत. मोर्चे निघाले, मोजणी अडवली, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना सरकारला रद्द करावी लागली. आमच्याकडे तेवढा आवाज नाही. यावरून पुण्यातले माझे मित्र म्हणतात, बघ, विदर्भाला रस्ता हवाय. मला यात वेगळं काही दिसतं. तिकडे पाणी आहे, ऊस आहे, जमीन दरवर्षी पैसे देते. इकडे कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन. जिथे जमीन पोसते तिथे नाही म्हणायला बळ असतं.

माझ्या मामांचं वावर देवळी तालुक्यात आहे. रेघ त्यांच्या धुऱ्यातून जाते की शेजाऱ्याच्या, यावर घरात महिनाभर चर्चा चालू होती. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला मनापासून द्यायची आहे का जमीन?" ते म्हणाले, "तू मले सांग, कापसाले भाव हाय का? सोयाबीनचं तं बोलूच नको. गेली तं गेली, कर्ज तरी फिटते." आणि मग थोड्या वेळाने, कोणीच काही विचारलं नसताना, "हिर मात्र मायाच हातची हाय." म्हणजे विहीर. ती त्यांनी स्वतः खणली होती.

हा होकार आहे की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मोबाईलवर 'आय अ‍ॅग्री' दाबतो तेव्हा आपण काय करत असतो? पर्याय एकच बटण असतो. मामांकडे त्याहून थोडं जास्त आहे, भाव करायची सोय आहे. समृद्धीच्या वेळी हेच झालं होतं. सुरुवातीला विरोध, मग रेडीरेकनरच्या पाचपट दराने थेट खरेदी, आणि विरोध ओसरला. तेव्हापासून हे वाक्य सर्रास ऐकू येतं: यांचा विरोध नव्हताच, भाव वाढवून हवा होता. मला हा युक्तिवाद अन्यायाचा वाटतो. जमीन जाणारच हे कळल्यावर माणूस भाव मागतो, कारण तेवढंच हातात उरलेलं असतं. त्यावरून त्याचं आधीचं 'नाही' खोटं होतं, असं कसं ठरतं?

पण याची दुसरी बाजूही मला टाळता येत नाही. मामांनी नाही म्हणावं असा आग्रह मी धरू शकत नाही. मला त्या वावरातला हुरडा आवडतो. त्यांना त्या वावराचं व्याज भरावं लागतं. गाव सोडून गेलेल्यांचं हळवेपण दर दिवाळीला उफाळून येतं, त्यावर कोणाचं घर चालत नाही.

पैशाच्या भाषेत न बसणारा नकार वर्ध्याने जवळून पाहिला आहे. 2020 मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करायला जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली. हा रस्ता मेडिकल कॉलेजकडे जातो, इंजिनीअरिंगची मुलं त्याच रस्त्याने येतात-जातात, बापूकुटीचे पाहुणेही. नागरिक उभे राहिले आणि तोड थांबवावी लागली. ती झाडं त्यांच्यापैकी कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. मोबदला कोणाला मिळणार नव्हता, त्यामुळे हे भाव वाढवायला आलेत, असं कोणी म्हणू शकलं नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली: एवढा रुंद रस्ता कशाला?

शक्तिपीठच्या विरोधकांचाही मूळ प्रश्न हाच आहे. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असा रत्नागिरीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग आधीच आहे. मग त्याच दिशेने दुसरा का? सरकारचं उत्तर आहे की 18 तासांचा प्रवास 8 तासांवर येईल आणि वाटेतली देवस्थानं जोडली जातील. कोणाचे दहा तास वाचणार, आणि जुन्या रस्त्यावर सुधारणा केली तर त्यातले किती वाचतील, हे गावात येऊन कोणी मांडून दाखवलं तर मी ऐकायला बसेन.

आमच्या कामात कोड रिव्ह्यू नावाचा प्रकार असतो. कोणीही शंका काढू शकतं, अगदी नवा इंटर्नसुद्धा. त्याच्या शंकेने काम थांबेलच असं नाही. पण उत्तर लिहिल्याशिवाय ती शंका बंद करून टाकायची नाही, असा नियम असतो. नकाराला नकाराधिकार द्या असं मी म्हणत नाही. मागणं यापेक्षा लहान आहे आणि तेही आज मिळत नाही. हरकतींच्या सुनावण्या होतात, हरकती फेटाळल्याचं कळतं. कारण मात्र बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं.

आणि सगळ्यांत कमी ऐकू येतो तो तिसऱ्याच माणसांचा नकार. मामांचं अर्धं वावर गेली सहा वर्षं गावातलाच एक जण मक्त्याने करतो. व्यवहार तोंडी. निंदायला ठरलेल्या सात-आठ बाया येतात, पावसाळ्यातला त्यांचा बराचसा रोज याच शिवारातून निघतो. 2013 च्या कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ आणि शेतमजूरही आहेत, तीन वर्षं तिथे काम केलेलं असलं तर. पण ते सिद्ध कशाने करणार? मोजणीत विहीर लिहिली जाते, झाडं मोजली जातात, पाइपलाइन आणि गोठ्याचं मूल्य वेगळं लागतं. मामांच्या विहिरीला निदान एक रकाना आहे.

त्या बायांपैकी एकीला मी विचारलं, रस्ता झाला तर तुम्ही काय करणार? तिने विळा पदराला पुसला आणि मलाच विचारलं, "तिकडं पुन्याले बायाइले काय काम भेटते?"