शेजाऱ्याला न विचारता केलेले भूमिपूजन

घर बांधायला घेतले की पहिली कुदळ मारण्याआधी आपण जमिनीची पूजा करतो. तिच्या पोटात खोदणार म्हणून तिची क्षमा मागतो. त्या जागी आधीपासून असलेल्या भूतमात्रांना, अगदी किडामुंगीलासुद्धा, दुसरीकडे जाण्याची विनंती करतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या गावांत शिवेवर मातामायचे ठाणे असते, आणि मोठ्या कामाआधी तिथे नारळ फोडला जातो. या विधींवर ज्यांची श्रद्धा नाही त्यांनाही एवढे मान्य होईल की यांच्या मुळाशी एक पक्का विचार आहे. जमीन विकत घेतली म्हणजे तिच्यावरचे सगळे आपले झाले असे नाही. तिथे आपल्याआधी कोणीतरी आहे आणि त्याला विचारले पाहिजे, असा तो विचार. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. किडामुंगीला विचारायचे, पण बांधाला बांध, धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याला विचारायचे नाही, हे कोणत्या धर्मात बसते?

गोंदिया तालुक्यातले दवनीवाडा हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या पट्ट्यातले गाव. अशा गावाच्या कडेला ले-आउट पडणे म्हणजे काय, हे पाण्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. धानाची शेती बांध्यांची असते. वरची बांधी भरली की पाणी धुऱ्याला ठेवलेल्या तोंडातून खालच्या बांधीत उतरते, तिथून त्याखालच्या, आणि शेवटी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, किंवा नाल्यात जाते. सातबारे वेगवेगळे, पाणी मात्र सगळ्यांचे एकच. समजा, या उतरंडीच्या मधल्या दोन एकरांवर कोणी प्लॉट पाडायचे ठरवले. मोजणी होते, चुन्याच्या रेषा पडतात, कोपऱ्याकोपऱ्यावर सिमेंटचे खांब रोवले जातात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून मुरूम येऊ लागतो. चिखलातला प्लॉट कोणी घेत नाही, म्हणून जमीन दोन फूट उचलली जाते. मग वरच्या शेतकऱ्याचे पाणी अडून त्याची रोवणी कुजते, आणि खालच्याच्या बांधीत पाणी पोचत नाही म्हणून त्याचे धान वाळते. एकच भराव एका हंगामात एकाला बुडवतो आणि दुसऱ्याला सुकवतो. त्या खरेदीखतावर या दोघांपैकी कोणाचीही सही नसते.

कायद्यात विचारण्याची सोय आहे, पण ती मोठ्या नकाशापुरती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे विकास आराखड्याचा किंवा प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. एखाद्या ले-आउटच्या मंजुरीला तशी जाहीर सुनावणी नाही. नकाशा कार्यालयात जातो आणि नियमांशी ताडून पाहिला जातो. रस्त्याची रुंदी किती, 4000 चौरस मीटरच्या पुढच्या ले-आउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडली की नाही, हे तपासले जाते. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीसाठी तर अकृषिक परवानगीची वाट आणखी सोपी करणारी तरतूद जमीन महसूल संहितेत आली. हा सोपेपणा हवाच होता, कारण परवानगीच्या कागदासाठी लोकांनी वर्षानुवर्षे हेलपाटे मारले आहेत. पण मोकळी जागा आणि रस्त्याची रुंदी मोजणाऱ्या तपासणीत शेजारच्या बांधीचे तोंड दिसत नाही. ते फक्त शेजाऱ्याला माहीत असते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

पूर्व विदर्भाने हे विचारणे एकेकाळी लिहून ठेवले होते. जमीन महसूल संहितेत आजही विदर्भाच्या गावांसाठी दोन दप्तरे सांगितली आहेत. कलम 161 मधले निस्तार पत्रक गावाच्या सामाईक जमिनीवरील चराई, जळण अशा गरजांचे आहे. कलम 165 मधले वाजिब-उल-अर्ज त्याहून पुढे जाते: सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीतून आणि पाण्यातूनही सिंचनाचा, वाटेचा आणि मासेमारीचा जो रूढ हक्क गावाला आहे, तो त्यात नोंदवायचा असतो. खाजगी मालकी आणि गावाचा हक्क एकाच जमिनीवर एकत्र नांदू शकतात हे इथल्या कायद्याने मान्य केले आहे, आणि त्याआधी ते इथल्या लोकांनी मान्य केले होते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला असे सांगतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारकडे गेले, पण पाणी त्याच उतारावरून वाहत राहिले. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे ठरल्याशिवाय इथे गाव वसवण्याला अर्थच नव्हता. नव्या ले-आउटला हाच प्रश्न विचारण्यात जुनाटपणा कसला?

यावर पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप शेतकऱ्याचाच आहे. धानाला भाव नाही, मुलाची फी भरायची आहे, मुलीचे लग्न आहे, आणि एकरभर जमीन विकली तरच हे निभते. अशा माणसाला शेजारधर्माचे धडे देणे सोपे आहे. मालमत्ता कायद्याशिवाय हिरावून घेता येणार नाही, असे संविधानाचे अनुच्छेद 300-अ सांगते, आणि ते त्याच्याही बाजूने उभे आहे. पण शेजाऱ्याची हरकत म्हणजे विक्रीला बंदी नव्हे. बहुतेक वेळा तिची मागणी एवढीच असते की भरावाखालून सिमेंटचा पाइप टाका, जुना पाट नकाशात दाखवा, बोडीकडे जाणारी वाट सोडा. एवढ्याने त्या जमिनीची किंमत बुडत नाही. आणि मालकी कितीही पक्की असली तरी तिच्यात न येणाऱ्या गोष्टी असतात. हिमाचलमध्ये हॉटेल वाचवण्यासाठी बियास नदीचा प्रवाह वळवण्यात आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निकाल दिला की अशा नैसर्गिक गोष्टींचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. 2011 मध्ये पंजाबातल्या एका गावतळ्यावरचे अतिक्रमण हटवताना याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना गावांच्या सामाईक जमिनी परत मिळवण्याचे आदेश दिले. सरकारलाच जे विकता येत नाही, ते एका सातबाऱ्याच्या धन्याला कसे बुजवता येईल?

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. शेजाऱ्यांना विचारायचे म्हणजे शेवटी ग्रामसभेत गावाला विचारायचे, पण गाव म्हणजे कोण? 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी गावाच्या गौरवगाथेला ठाम नकार दिला. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे ठिकाण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 1954 मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता, तो वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. म्हणून ज्या मातीत हा प्रश्न विचारतो आहे, तिथे तो त्यांच्या इशाऱ्यासकटच विचारला पाहिजे. ग्रामसभेच्या हाती हरकतीचे हत्यार दिले तर ती पाण्याच्या नावाखाली माणसे अडवणार नाही याची खात्री काय? ‘बाहेरचे येतील’, ‘गावाचे वळण बिघडेल’, ‘त्या लोकांची वस्ती होईल’ ही वाक्ये नियोजनाच्या भाषेत सहज शिरतात.

माझ्या मते उत्तर एका स्पष्ट रेषेत आहे, आणि ती ओढल्याशिवाय ग्रामसभेच्या हक्काची मागणी करू नये. जमीन काय पेलू शकते हे विचारण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे. तिथे कोण राहणार हे विचारण्याचा नाही. पाणी, वाट, स्मशान, बोडी, सांडपाणी, विहिरीची पातळी यांवर गावाचा शब्द मोलाचा आहे, कारण ती माहिती गावाकडेच आहे. माणसाची जात, धर्म, तो कुठून आला, यावर गावाचा शब्द शून्य मोलाचा आहे, कारण तिथे गावाकडे माहिती नसते, पूर्वग्रह असतो. बुद्धांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद हाच भेद शिकवतो असे मला वाटते. काहीही एकटे उभे नसते, प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टींच्या आधाराने उभी असते. बांधी, बोडी आणि विहीर यांचा आधार एकमेकांना आहे, तो मोडला तर तिघेही मोडतात. नवीन माणसाच्या येण्याने मात्र असा कोणताच आधार मोडत नाही. त्यालाही तोच आधार लागतो.

म्हणून शेजारधर्माची दुसरी बाजू आत येऊ पाहणाऱ्याकडे पाहते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान 25 चौरस मीटर जागा धरली आहे. ज्याला तेवढी जागाच नाही तो मंजूर घरकुलही बांधू शकत नाही. ले-आउटमधले प्लॉट ज्यांच्या हाती रोख आहे त्यांना मिळतात. त्याच गावातला भूमिहीन मजूर ज्या जमिनीवर आयुष्यभर रोवणी करत आला, तिचे प्लॉट पडताना त्याचे नाव कुठेच येत नाही. ग्रामसभेने ले-आउटला पाण्याचा प्रश्न विचारावा आणि स्वतःला हाही प्रश्न विचारावा: घरकुलाच्या यादीतल्या जागा नसलेल्यांना आपण कुठे बसवणार? हा दुसरा प्रश्न न विचारता फक्त पहिलाच विचारणारी ग्रामसभा आंबेडकरांना खरे ठरवील.

तिसरा आक्षेप असा की नियोजनाच्या कार्यालयात धर्म कशाला आणायचा? पण मी ज्याला धर्म म्हणतो आहे तो कोणत्याही पंथाचा नाही. सगळ्या परंपरा आणि आपले फौजदारी कायदेही अजाणता झालेले नुकसान आणि जाणूनबुजून केलेले नुकसान यांत फरक करतात. मुरूम टाकणाऱ्याला शेजाऱ्याच्या बांधीचे तोंड माहीत नसेल, तर त्याच्या हातून चूक झाली. ते त्याला ग्रामसभेत दाखवून दिले, इतिवृत्तात लिहिले, आणि तरी त्याने ते बुजवले, तर ती चूक उरत नाही. सुनावणीचे खरे मोल मला इथे दिसते. एखादा प्रकल्प ती थांबवू शकेल किंवा शकणारही नाही. पण ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य ती कायमचे काढून घेते, मालकाच्या तोंडून आणि मंजुरी देणाऱ्याच्याही. भूमिपूजनातली क्षमा अजाणत्या इजेसाठी मागायची असते. आधी विचारले असेल तरच ती प्रामाणिकपणे मागता येते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेचे 41 अध्याय लिहिले ते गाव पूजेत राहावे म्हणून नव्हे, कामाला लागावे म्हणून. ते काम इथे अगदी साधे आहे. दवनीवाड्याच्या आणि आसपासच्या गावांच्या लोकांना माझी विनंती आहे: तहसील कार्यालयातून आपल्या गावाच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल काढा. गावाजवळ ले-आउटची मोजणी झाल्याचे कळले की त्याचा नकाशा मागवा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या सुमारास रोवणी आटोपलेली असते आणि बांध्यांत पाणी उभे असते. त्या दिवशी सभा संपली की नकाशा घेऊन सगळे धुऱ्यावर जा, मालकालाही बरोबर घ्या, आणि पाणी कुठून कुठे जाते ते त्याच्या डोळ्यांसमोर त्या नकाशावर पेनाने काढून द्या.