साठाव्या क्रमांकाचा खेळाडू

जानेवारी १९७९मध्ये इंग्लंडमधल्या स्लाऊ इथे स्नूकरपटू जॉन स्पेन्सरने एकाच खेपेत १४७ गुणांचा ब्रेक केला. पंधरा लाल बॉल, प्रत्येक लालनंतर काळा, मग उरलेले रंगीत ओळीने. तरीही अधिकृत यादीत तो ब्रेक नाही, कारण त्या टेबलाची पॉकेट्स नियमाच्या मापात बसत नव्हती. तीन वर्षांनी ओल्डहॅमला स्टीव्ह डेव्हिसने १४७ केले, तेव्हा समोरच्या खुर्चीत स्पेन्सरच बसला होता. व्यावसायिक स्पर्धांमधल्या अधिकृत १४७ची यादी तिथून सुरू होते. आज ती दोनशेच्या पुढे गेली आहे.

१९७७ साली जागतिक स्पर्धा पहिल्यांदा शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात भरली. साऱ्या स्पर्धेत मिळून शतकी ब्रेक झाले सहा. २०१९च्या एकट्या अंतिम सामन्यात जड ट्रम्प आणि जॉन हिगिन्स यांनी २७ फ्रेम्समध्ये अकरा शतके ठोकली. २०२२च्या स्पर्धेत शतकांचा आकडा १०९वर गेला. १९७७ला खेळाडू सोळाच होते हे खरे, पण तेव्हा नुसता अंतिम सामना ४६ फ्रेम्स चालला होता. दर्जा वाढला यात वाद नाही. तो नेमका कुठे वाढला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर शोधताना सगळ्यांच्या नजरा अव्वल खेळाडूवर खिळतात.

साहित्य सुधारले, हे पहिले स्पष्टीकरण. टेबलावरचे कापड पातळ झाले, त्याची लव कमी झाली, पाटीखाली उष्णता देऊन टेबल कोरडे ठेवले जाऊ लागले. जुन्या जाड कापडावर पांढरा बॉल लांब फिरवायचा तर जोर लावावा लागे, आणि जोर लावला की नेम ढळतो. आता हलक्या हाताने तेच साधते. पण वेगवान टेबल चुकाही पदरात घालते: थोडा जोर जास्त झाला तर पांढरा भलतीकडे निघून जातो. सहाचे शंभर करायला कापड पुरत नाही.

त्यासाठी विचार बदलावा लागला, आणि तो स्टीफन हेंड्रीने बदलला. त्याच्याआधीची रीत अशी, की मोकळे लाल काळ्याबरोबर गोळा करायचे आणि धोका दिसला की सेफ्टी, म्हणजे बचावाचा फटका, खेळून बाजूला व्हायचे. हेंड्री निळा मधल्या पॉकेटमध्ये घालताना पांढरा बॉल मुद्दाम लालच्या घोळक्यात घुसवायचा. घोळका फुटला की फ्रेम त्याच खेपेत संपवायची. न साधले तर सगळे टेबल प्रतिस्पर्ध्याला आंदण. १९९० साली, एकविसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला आणि ते दशक संपेपर्यंत सात वेळा झाला. १९२७च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत सर्वांत मोठा ब्रेक ६०चा होता. तिथून हेंड्रीपर्यंतची वाट दोन पिढ्यांची आहे, पण तिचा सर्वांत उभा चढ त्या एका दशकात आहे.

सेफ्टीची कला त्यामुळे लोपली, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९८५च्या अंतिम सामन्यातली शेवटची फ्रेम ६८ मिनिटे चालली. मध्यरात्र उलटून गेली होती, ब्रिटनमधले १ कोटी ८५ लाख लोक दूरचित्रवाणीसमोर जागे होते, आणि स्टीव्ह डेव्हिसचा काळा चुकल्यावर डेनिस टेलरने तो घातला. आजच्या नजरेला त्या फ्रेममध्ये चुका खूप दिसतात. पण त्या वेळी चूक सुधारायला आणखी चार संधी मिळत. आज एक सेफ्टी दोन इंच आखूड पडली तर पुन्हा उठायची वेळ थेट पुढच्या फ्रेमला येते. सेफ्टी कमी दिसते ती महाग झाली म्हणून.

आता एक अडचण. रॉनी ओ'सुलिवान, हिगिन्स आणि मार्क विल्यम्स हे तिघे १९९२ साली व्यावसायिक झाले. ओ'सुलिवानने २०२२ साली ४६व्या वर्षी सातवे जगज्जेतेपद मिळवले. विल्यम्स २०२५ साली पन्नाशीत अंतिम सामन्यात होता. दर्जा सतत उंचावत गेला असेल, तर तीस वर्षांपूर्वीची माणसे अजून टिकतात कशी? मला याचे एकच पटणारे उत्तर दिसते: छत नव्वदच्या दशकातच बांधून झाले. त्यानंतर वर येत राहिली ती जमीन.

१९९१ साली व्यावसायिक खेळाची दारे सर्वांना उघडली. २०१०नंतर स्नूकरचा प्रशासक बॅरी हर्न याच्या कारभारात स्पर्धा वाढल्या, आणि अनेक स्पर्धांत १२८ जण एकाच पायरीवरून सुरुवात करू लागले. त्याआधी २००५ साली अठरा वर्षांच्या डिंग जुनहुईने चायना ओपन जिंकली होती, आणि त्याच्यामागून चीनमधली मुले शेफील्डला येऊन राहू लागली. खेळण्यावरची बंदी संपवून परतलेला झाओ शिंतोंग २०२५ साली हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेऱ्यांतून आला आणि विल्यम्सला हरवून जगज्जेता झाला. ऐंशीच्या दशकात अव्वल खेळाडूला पहिल्या फेरीत श्वास घेता येई. आज साठाव्या क्रमांकाचा माणूसही एका संधीत टेबल साफ करतो.

हे आपल्याकडच्या खेळाडूंना जवळून ठाऊक आहे. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ साली दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत गेला. मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय. तिथे डिंगने त्याला ५-० हरवले. हौशी खेळातली जागतिक विजेतेपदे खिशात असलेला पंकज अडवाणी दोन मोसम व्यावसायिक टूरवर खेळला आणि २०१४ साली मायदेशी परतला. टूरवर नुसते टिकायचे तर इंग्लंडमध्ये घर करावे लागते, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला वर्षानुवर्षे बहुतेक स्पर्धांत एक पैसाही मिळत नसे. २०२२-२३च्या मोसमापासून प्रत्येक व्यावसायिकाला किमान वीस हजार पौंडांची हमी मिळाली, पण प्रवास, मुक्काम, सरावाचे टेबल हे सारे त्यातूनच भागवायचे. मोसमाअखेर पहिल्या ६४ जणांची जागा पक्की राहते. टूरचे दोन वर्षांचे कार्ड संपलेले बाकीचे बहुतेक जण क्यू स्कूल या पात्रता स्पर्धेच्या रांगेत पुन्हा उभे राहतात. साठावा या रेषेच्या जेमतेम चार पायऱ्या वर असतो.