हजेरीपट

संगणक सुरू करणं आणि संगणक सुरू होणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक बोट पुरतं. दुसरीला एक कप चहा लागतो. काही घरांत दोन लागतात. बटण दाबलं की पडद्यावर डोंगर, तळं, सूर्योदय असं काहीतरी प्रसन्न उमटतं आणि भोळ्या माणसाला वाटतं, झालं, आता कामाला लागावं. पण ते चित्र म्हणजे नाट्यगृहातला दर्शनी पडदा. आत अजून रंगरंगोटी चाललेली असते. आपण माउस हलवतो तर बाण जागचा हलत नाही. हललाच तर त्याच्या जागी गोल फिरणारं एक चक्र येतं आणि पेटीतला पंखा गिरणीत नोकरीला लागल्यासारखा घरघरू लागतो. आपलं काम तर अजून सुरू झालेलं नाही. मग हा गडी घाम गाळतोय तो कुणासाठी?

ज्यानं दादरला उभं राहून, दादरहूनच सुटणारी लोकल पकडलेली आहे, त्याला याचं उत्तर सांगावं लागू नये. गाडी इथूनच सुटायची, म्हणजे रिकामी येणार, या हिशेबानं आपण फलाटावर बाह्या सरसावून उभे असतो. गाडी येते ती खिडक्या भरूनच. मागच्या स्टेशनावर उलट दिशेनं चढून जागा धरलेली ही मंडळी पेपराच्या वरून आपल्याकडे अशा नजरेनं बघतात की आपणच विनातिकीट आहोत. संगणकातही हेच. तिकीट आपलं, आणि खिडकीच्या जागा आपण यायच्या आधीच गेलेल्या.

ही उलटी येऊन बसलेली मंडळी म्हणजे निरनिराळे प्रोग्रॅम. घरात प्रिंटर एक आणला, तर त्याच्याबरोबर वऱ्हाड येतं. एक जण छापतो, दुसरा शाई किती उरली ते बघतो, तिसरा नवी शाई कुठं मिळेल ते सुचवतो आणि चौथा प्रिंटर सुखात आहे ना, हे कंपनीला कळवतो. त्यात गाणी ऐकवणारा एक. मीटिंगा भरवणारा एक. ज्या गृहस्थाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली त्याच्याही यंत्रात हा असतोच. शिवाय आपली नवी आवृत्ती निघाली का, हे बघायला प्रत्येकाचा आपापला गडी. सकाळी सात वाजता यांतल्या कोणाचंही काही काम नसतं. पण लागलोच तर चटकन हाताशी असावं म्हणून ते आधीपासून येऊन बसतात. लग्नघरी आठ दिवस आधी मुक्कामाला येणाऱ्या आत्याबाईंसारखी ही माया आहे. फक्त इथं लग्न नाही.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायची माझ्या वयाला परवानगी आहे. डॉसच्या काळात, म्हणजे १९८०च्या दशकातल्या यंत्रांत ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ नावाची एक छोटी फाइल असे. यंत्र जागं झालं की ती वरून खाली वाचायचं आणि लिहिलंय तेवढं करायचं. वाण्याकडे पाठवायच्या चिठ्ठीसारखं सरळ प्रकरण. नको ती ओळ खोडली की काम झालं. पुढं १९९५ची विंडोज आली आणि तिनं ‘स्टार्टअप’ नावाचा फोल्डर दिला. हा दर्शनी दरवाजा. पण त्याखेरीज ‘रजिस्ट्री’ नावाचं एक तळघरही होतं, आणि हुशार प्रोग्रॅम दर्शनी दारानं न येता तळघरात नाव नोंदवून मोकळे होऊ लागले. १९९८च्या विंडोजनं या मंडळींची हजेरी घेणारं एक हत्यार दिलं, पण त्याचं नाव ‘एमएसकॉन्फिग’. ते नाव ज्याला ठाऊक त्यालाच ते प्रसन्न व्हायचं. २०१२च्या विंडोज आठमध्ये ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आली. कोण कोण घरात झोपतंय याची बऱ्यापैकी पुरी यादी घरमालकाच्या हाताशी यायला, १९९५पासून धरली तर, सतरा वर्षं लागली. पागडीच्या खटल्यांचा आम्हांला अनुभव असल्यामुळे आम्ही याला विलंब म्हणत नाही.

आता ती यादी बघायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. दोन हात लागतात, पण जमतं. तिथं ‘स्टार्टअप’चं पान असतं. डावीकडे नावं, बाजूला बनवणाऱ्याचं नाव, आणि शेवटी प्रत्येकाचा सकाळच्या वेळेवर पडणारा भार : हाय, मीडियम किंवा लो. सुरुवातीला एका सेकंदाहून जास्त प्रोसेसर खाल्ला किंवा डिस्कवर तीन मेगाबाइटांहून जास्त उलाढाल केली, की तो ‘हाय’. एका सेकंदाला एवढं काय, असं पुण्याचा माणूस विचारील. दादरच्या पुलावर एका सेकंदानं काय होतं ते आम्ही जाणतो. आणि इथं असे वीस जण एका दारातून एकदम घुसत असतात.

नावावर उजवं बटण दाबून ‘डिसेबल’ म्हटलं की तो उद्यापासून आपणहून येत नाही. लक्षात घ्या, ही हकालपट्टी नाही. प्रोग्रॅम घरातच असतो, हाक मारली की येतो. ‘बोलावल्याशिवाय येऊ नका’ एवढंच आपण म्हटलेलं असतं. उद्या पश्चात्ताप झाला तर ‘एनेबल’ म्हणायचं. व्हायरसचा रखवालदार, आवाजाचं आणि पडद्याचं बघणारे, यांना मात्र हात लावू नये. आणि काही महाभाग असे, की नवी आवृत्ती आली की पुन्हा यादीत येऊन बसतात. त्यांना पुन्हा बंद करायचं.

इथवर सगळं सोपं आहे. मला छळणारा प्रश्न पुढचा : हे आत आले कसे? दार तर आपणच उघडलं होतं. एखादा प्रोग्रॅम घेताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटतो, आणि वाटेतल्या एका पानावर ‘यंत्राबरोबर मलाही सुरू करा’ या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असते. आपण ती काढली नाही. म्हणजे आपली संमती. गिरगावात १८९३पासून, केशवजी नाईकांच्या चाळीतल्या उत्सवापासून, सार्वजनिक गणपती बसतो. तेव्हा वर्गणीचं शास्त्र आम्हांला कुणी शिकवू नये. पण मागच्या वर्षी दिलेत म्हणून यंदा पावती आकड्यासकट आधीच फाडून आणणारा कार्यकर्ता दारात उभा राहिला, तर घरातली म्हातारीसुद्धा विचारते, “अरे, मी हो कधी म्हटलं?” युरोपातल्या सर्वोच्च न्यायालयाला हेच २०१९ साली म्हणावं लागलं. तिथं मामला वेबसाइटांच्या कुकीजचा होता, आणि निकाल असा की आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडेही वैयक्तिक डेटाबद्दलच्या २०२३च्या कायद्यात संमती ही माणसानं स्पष्ट कृतीनं दिलेली हवी, असं आहे. मात्र हे सगळं माहितीपुरतं. सकाळी तुमच्या पेटीत कुणी उठून बसावं, या बाबतीत ते कलम स्वतःच मौन पाळतं.

इथवर माझं मत पक्कं होतं आणि मी ते गॅलरीत उभा राहून ऐकवतही असे. त्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या आप्पांचं यंत्र आडवं आलं.

लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेलं ते यंत्र चहाचे तीन कप घेऊ लागलं, तेव्हा आप्पांचा भाचा आला. मुलगा हुशार, मनानं चांगला. त्यानं तीन बटणं दाबली आणि कपाळाला हात लावला. “अप्पामामा, एकोणीस जण आहेत! सोळा तर कचरा आहे. उडवतो.” आणि तो एकेकाला बंद करत निघाला. सातव्या का आठव्या नावाला आप्पा म्हणाले, “थांब.” ते नाव स्काइपचं होतं. “अहो, ते तर मेलेलंच आहे,” भाचा म्हणाला. त्याचं खरं होतं. मायक्रोसॉफ्टनं ५ मे २०२५ला स्काइप बंद केलं. आप्पांचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि हल्ली फोनवर व्हॉट्सॲपनं बोलतो. पण त्याआधी बरीच वर्षं, आपली सकाळची साडेसात म्हणजे तिकडची रात्रीची नऊ-दहाची वेळ साधून, ती निळी खिडकी आपोआप उघडायची आणि काकू तिच्यासमोर केस नीट करून बसायच्या. काकू आता नाहीत. खिडकी अजून उघडते. उघडते, काही होत नाही, आणि आप्पा ती मिटून पेपर वाचायला घेतात.

एरवी आपण ‘नको असलेले प्रोग्रॅम’ असं सहज बोलून जातो, जणू नकोपणा हा त्या प्रोग्रॅमचाच गुण आहे, खोबऱ्याचा खवटपणा असावा तसा. पण नको हा शब्द कुणीतरी म्हणावा लागतो. आप्पा गप्प बसले म्हणून कंपनीनं धरलं, त्यांना हवं आहे. आप्पांना कळत नाही म्हणून भाच्यानं धरलं, त्यांना नको आहे. एकाचा हेतू धंद्याचा, दुसऱ्याचा प्रेमाचा. हा फरक लहान नाही. तरी आप्पांच्या खुर्चीत बसून पाहिलं तर दोन्ही वेळा आप्पांना कुणी विचारलं नाही. भाचा म्हणाला, डॉक्टर पोट उघडल्यावर प्रत्येक आतड्याला रोग्याची परवानगी विचारत बसत नाही. वा! पण इथं रोगी शुद्धीवर आहे, शेजारच्या खुर्चीत बसलाय, आणि यंत्र चार मिनिटं उशिरा सुरू झालं म्हणून कुणाचा जीव जात नाही. विचारायला भरपूर वेळ आहे.

मला परळ-लालबागचा गिरणीचा भोंगा आठवला. न विचारता सकाळी सुरू होणाऱ्या वस्तूंत त्याच्यासारखी नव्हती. ज्याची पाळी तो उठायचाच. पण शाळामास्तर, दूधवाला, तान्ह्या मुलाची आई, ज्यांचा गिरणीशी काही संबंध नाही, तेही उठायचे आणि घड्याळ लावून घ्यायचे. भार म्हणाल तर ‘हाय’. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. भोंगा थांबला तो कुणाची झोपमोड वाचावी म्हणून नव्हे. तो सुरू करताना गिरणगावाला कुणी विचारलं नव्हतं, आणि थांबवतानाही नाही. म्हणून सगळेच भोंगे राहू द्यावेत, असं मी म्हणत नाही. शाईवाला तर आजच्या आज जावा. पण यादी वाचायची ती घरच्या माणसानं.

शेवटी एका रविवारी आम्ही तिघं बसलो. भाच्यानं नाव वाचायचं, आप्पांनी निकाल द्यायचा आणि मी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं. हवामान सांगणारा निघाला. “पाऊस मला गॅलरीतून दिसतो,” आप्पा म्हणाले. बंद. मीटिंगवाला. “मीटिंगा मी नोकरीत असतानाही टाळल्या.” बंद. शाईवाला. “शाई संपली की कागद कोरा येतो, एवढं मला कळतं.” बंद. व्हायरसचा रखवालदार राहिला. एका नावाचा अर्थ तिघांनाही लागेना. बनवणाऱ्याच्या नावावरून ते आवाजाचं निघालं, तेव्हा तेही राहिलं. मग भाच्यानं स्काइप वाचलं आणि बटणावरचं बोट उचलून मामाकडे पाहिलं.

“ते असू दे,” आप्पा म्हणाले. “पुढचं वाच.”