माप कशाला लावायचं?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

ध्यान कसं करावं, आसन कसं असावं हे सांगता सांगता भगवंत इथे थेट जेवणाखाण्यावर येतात. अती खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. सतत झोपणाऱ्याला नाही, आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. मग १७व्या श्लोकात ते म्हणतात की ज्याचा आहार, हिंडणंफिरणं, काम, झोप आणि जागणं हे सगळं प्रमाणात आहे, त्याचा योग त्याचं दुःख घालवतो.

आता हे दोन श्लोक घेऊन जरा बाथरूमबाहेरच्या त्या वजनकाट्यापाशी जाऊ. आपल्यापैकी कितीतरी जण रोज सकाळी त्याच्यावर उभे राहतात. तीन आठवडे वडापाव बंद, चहातली साखर बंद, ऑफिसमध्ये लिफ्ट सोडून जिना. आणि आज आकडा दिसतो कालच्यापेक्षा ८०० ग्रॅम जास्त! झालं, सगळा दिवस गेला. मनात येतं, एवढं करून काय मिळालं? आणि संध्याकाळी त्याच रागात पिझ्झा मागवला जातो. काटाच तो, रुतायचाच. पण तो एवढा खोल का रुततो, याचा विचार करू या.

आधी शरीराची बाजू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. एका रात्रीत ८०० ग्रॅम चरबी वाढायला माणसाला केवढं खावं लागेल, तुम्हीच बघा. तो आकडा बहुतेक पाण्याचा असतो. काल पापड-लोणचं जास्त झालं, मिठाने पाणी धरलं. नवीन व्यायाम सुरू केला, दुखऱ्या स्नायूंनी पाणी धरलं. मुलींना पाळीच्या आधी हा अनुभव दर महिन्याला येतो. शरीर आपला साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठवतं. म्हणून तर डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरतं आणि नंतर रेंगाळतं. पहिला आनंद बराचसा पाण्याचा होता, आजचं दुःखही बहुतेक पाण्याचंच आहे.

आता मनाची बाजू. ज्ञानेश्वर महाराज या श्लोकांवर बोलताना एक फार नेमका शब्द वापरतात: माप. त्यांचं सांगणं असं, की आहार घ्यावा, पण तो युक्तीच्या मापाने मोजून घ्यावा. पावलंही मोजकी, बोलणंही मोजकं, झोपही वेळेला मान देऊन. नीट बघा, माऊली माप कशाकशाला लावतात? ताटाला, पावलांना, वाणीला, झोपेला. म्हणजे जे जे आपण करतो त्याला. माणूस केवढा भरला, हे मोजायला ते सांगतच नाहीत.

आपण नेमकं उलटं करतो. ताट मोजत नाही, झोप मोजत नाही, आणि रोज सकाळी स्वतःलाच मोजतो.

जपमाळेचं उदाहरण घ्या. माळेत १०८ मणी असतात, आपण मोजतोच की. पण काय मोजतो? आपण घेतलेलं नाम. आज पांडुरंग किती ग्रॅम प्रसन्न झाला, हे कुणी मोजतं का? मोजण्यात वाईट काही नाही. पण आपल्या हातात जे आहे ते मोजलं की बळ येतं, आणि जे हातात नाही ते तासातासाला मोजलं की हातपाय गळतात.

आणि वजन हलेनासं झालं की? तेव्हा वारी आठवा. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता. माऊलींची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्काम करते, पुढे सासवडलाही करते. मुक्कामाच्या दिवशी पंढरपूर एक पाऊलही जवळ येत नाही. म्हणून वारी थांबली असं कुणी म्हणतं का? त्या दिवशीही काकडा होतो, हरिपाठ होतो, कीर्तन होतं. नेम चालू असतो, आणि नेम चालू आहे तोवर वारी चालू आहे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. काटा हलत नाही म्हणून रात्रीचं जेवण बंद, मग नाश्ताही बंद, असं सुरू होतं. माऊलींनी जिभेच्या गुलामाबरोबर हट्टाने भूक-तहान कोंडून ठेवणाऱ्यालाही योगाच्या बाहेर ठेवलं आहे. स्वतःवर राग काढत केलेला उपास हे तप नव्हे. तो रागच असतो, आणि पुढे एकादशी अन् दुप्पट खाशी होतेच. थायरॉईड, पीसीओडी असेल किंवा काही औषधं चालू असतील, तर वजनाचं गणित वेगळं असतं. तिथे डॉक्टरांना विचारा, स्वतःला शिक्षा देऊ नका. खाण्याची भीतीच वाटू लागली असेल, तर ते एकट्याने सोसू नका, घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला.

गीता हे काही वजन उतरवायचं पुस्तक नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १७व्या श्लोकात भगवंत सडपातळ शरीराचं वचन देत नाहीत. दुःख जाईल, असं म्हणतात. दोन जिने चढून दम लागत नाही, सकाळी अंग जड वाटत नाही, रात्री झोप लागते, समोर आलेल्या बशीला शांतपणे नको म्हणता येतं. ही कमाई काट्यावर दिसत नाही, पण ती झालेली असते.

आजचा संकल्प

काटा फेकू नका, पण त्याला आठवड्यातून एकच दिवस द्या. ठरलेला वार, सकाळची वेळ, पोट रिकामं. आणि एका आकड्यावरून काही ठरवू नका, दोन-तीन महिन्यांचे आकडे एकत्र बघा.

रोजसाठी एक छोटी वही ठेवा. झोपण्याआधी तीन प्रश्न: आज ताट मापात होतं का? आज चाललो का? काल वेळेवर झोपलो का? झोपेचा प्रश्न उगाच नाही. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेलं हाका मारतं. उत्तर 'हो' असेल तर एक रेघ, 'नाही' असेल तर जागा कोरी. कोरी जागा लपवू नका, मापात पाप नको. आणि कोरी जागा दिसली म्हणून वही बंदही करू नका.

प्रार्थना

पांडुरंगा, हा देह तू दिलास, तुझं नाम घ्यायला आणि तुझ्या माणसांच्या उपयोगी पडायला. त्याची निगा राखायची बुद्धी दे. ताटावर बसताना भान दे, काट्यावरून उतरताना धीर दे. आजचा नेम आज पुरा होऊ दे, बाकी तुझ्या पायाशी.

उद्या याच अध्यायात पुढे जाऊ. मन आवरत नाही, अशी अर्जुनाची तक्रार आहे, आणि भगवंतांचं उत्तर आहे अभ्यास आणि वैराग्य. तोवर वहीत पहिली रेघ ओढून ठेवा.

राम कृष्ण हरी.