तिसरा वाटा



नाताळची सुट्टी संपली, शाळा पुन्हा सुरू झाल्या. सुट्टीत लहान मुलांना घरी कसं सांभाळलं, त्यावर चार शब्द लिहा, असं फादरांनी आम्हां नवराबायकोला सांगितलं तेव्हा आम्ही आधी हसलोच. सांभाळलं कसलं! मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. दहा दिवसांत आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेला शब्द म्हणजे 'मला कमी'. करंजी मला कमी, गोधडी मला कमी, आईच्या मांडीवर जागा मला कमी.

एका सकाळी अंगणात उन्हाला बसून संत्री सोलत होतो. एका संत्र्याच्या फोडी दोघांत वाटायच्या म्हणून मोजल्या, तर निघाल्या अकरा. पाच त्याला, पाच तिला. अकरावी कोणाची? वाद वाढू नये म्हणून ती आईने तोंडात टाकली, तर दोघं मिळून रडले. सबंध सुट्टीत त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतं.

केकसाठी आम्ही जुनाच नियम लावला. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं, म्हणजे कापणारा आपोआप हात जपून चालवतो. नियम चांगला आहे, पण चार वर्षांच्या पोरीच्या हातात सुरी देता येत नाही. म्हणून कापायचं नेहमी दादाने आणि उचलायचं नेहमी तिने. दोन दिवसांनी तो म्हणाला, "दर वेळी मीच का कापायचं?" त्याचं बरोबर होतं. बरोबरीने वाटणी व्हावी म्हणून केलेल्या नियमातच बरोबरी नव्हती. स्वेटरचंही तसंच झालं. त्याचा आखूड झाला म्हणून त्याला नवा घेतला आणि त्याचा जुना तिला आला. ज्याची जशी गरज तसं त्याला मिळतं, असं आम्ही तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मला पण नव्याची गरज आहे."

ह्या कटकटीतून सुटका म्हणून एक दिवस मुलांना घेऊन पवनारला गेलो. आपल्यापैकी बहुतेकांनी धाम नदीकाठचा तो आश्रम पाहिला असेल. 1938 साली विनोबा तिथे राहायला आले. शेतात खणताना त्यांना एक जुनं शिल्प सापडलं, ते भरत-रामाच्या भेटीचं असं त्यांनी ओळखलं. आज ते तिथल्या मंदिरात आहे. मुलांना गोष्ट सांगितली : दोन भाऊ, एक राज्य, आणि भांडण कशावरून, तर 'हे तू घे' यावरून. मुलगा बराच वेळ त्या शिल्पाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यांच्या घरी केक नसेल."

नदीच्या काठावर बसून डबा खाताना विनोबांची दुसरी गोष्ट निघाली. 1951 च्या मार्चमध्ये ते इथूनच पायी तेलंगणाकडे निघाले. 18 एप्रिलला पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे पोटापुरती जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांसमोरच विचारलं, कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी 100 एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. पुढे विनोबा जमीनवाल्यांना म्हणत, तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. (पुढचंही खरं सांगायला हवं. मिळालेली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही कज्ज्यात अडकली, काही वाटलीच गेली नाही. पण मुलांना आम्ही ते सांगितलं नाही.)

"आपल्या घरी आले असते तर?" मुलाने विचारलं. तुम्ही दोघं, म्हणून ते तिसरे. "केकचा पण तिसरा वाटा?" हो, केकचा पण. त्याने बहिणीकडे पाहिलं, मनाशी हिशेब केला आणि गप्प झाला.

आम्हांला वाटलं, गोष्ट तिथेच संपली.

दोन-तीन दिवसांनी देवळीकडे मामांच्या वावरात गेलो. तुरीच्या ओल्या शेंगा, सोल्यांची भाजी, बांधावरची बोरं हे सगळं मुलांना दाखवायचं होतं. कापसाची वेचणी चालू होती. कमरेला ओटी बांधून आठ-दहा बाया ओळीने वेचत होत्या. त्यांच्यात आमच्या मुलाहून जरा मोठी, आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचे हात बोंडांवरून असे भराभर फिरत होते, की आमचा मुलगा बघतच राहिला. तासाभराने दोघं बोरं वेचता वेचता गप्पा मारायला लागली. दुपारी तो आमच्याकडे आला आणि विचारलं, "तिला पण नाताळची सुट्टी आहे का?"

आम्ही म्हणालो, "हो. म्हणून तर आईबरोबर आलीय."

किती सहज म्हणालो! कोणी धमकावलं नव्हतं, विचार करायलाही थांबलो नव्हतो. आणि ते खोटं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांना नाताळची अशी लांब सुट्टी नसते, हे आम्हां दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. सोमवार होता, शाळा भरलेली होती. मुलगा परत गेला आणि त्याने तिला सांगितलं, की तुलाही आमच्यासारखीच सुट्टी आहे. ती हसली. "नाई रे, शाळा तं चालूच हाये. मी नाई गेली." तो परत आमच्याकडे आला नाही. लांबून नुसता एकदा बघितलं.

त्या बघण्याने आम्हांला फार लागलं. वाटणीत चूक झाली की तो रडतो, ओरडतो. ह्या वेळी ओरडला नाही.

रात्री आम्ही दोघं त्यावर बोलत बसलो. खोटं का बोललो? मुलांची सुट्टी कडू होऊ नये म्हणून, असं आधी वाटलं. पण मुलाने प्रश्न विचारला तेव्हा त्याला कसलाच त्रास होत नव्हता, तो साधी चौकशी करत होता. त्रास होणार होता तो आम्हांला. 'सुट्टी नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'मग शाळेत का नाही?' आणि त्याच्या पुढचा 'मग तुम्ही काही म्हणाला का नाही?' हा शेवटचा प्रश्न टाळण्यासाठी आम्ही पहिल्याचंच उत्तर खोटं दिलं.

संध्याकाळी वजन झालं. मुलीची ओटी आईच्या गाठोड्यात रिकामी झाली आणि गाठोडं काट्यावर चढलं. मजुरी किलोवर, नाव आईचं. कागदावर ती मुलगी त्या वावरात नव्हतीच. 2016 साली कायदा बदलला, 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना धोका नसलेल्या कामात हातभार लावायला मात्र मोकळीक आहे. तो सोमवार दोन्हींत बसत नव्हता.

मामांना हळूच म्हटलं. मामा वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगतो. वेचायला माणसं मिळत नाहीत, कापूस झाडावर राहिला तर दवाने खराब होतो, गुलाबी बोंडअळीने किती बोंडं खाल्ली ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि भाव हाती येईपर्यंत भरवसा नाही. ते म्हणाले, "अरे बाप्पा, मी कुठं बोलावलं तिले? मायसंगं येते ते. अन् काम केलं तं काय बिघडलं? गांधीजींनी तं शाळेतच सूत काताले लावलं व्हतं!"

मामांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. 1937 च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यातच ती शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम तिथून निघाली. मुलांनी कातलेल्या सुतातून शाळेचा खर्च निघावा, असंही गांधीजींच्या मनात होतं, आणि मुलांना राबवलं जाईल अशी शंका काहींनी त्याही वेळी घेतली होती. पण तिथे तकली हातात दिली ती सूत मोजता मोजता गणित यावं, कापूस कुठून येतो ते कळावं म्हणून. ह्या मुलीच्या हातात कापूस होता तो काट्याचं वजन वाढावं म्हणून. आपल्या मुलालाही आम्ही घरी भांडी पुसायला लावतो, त्यात गैर काही वाटत नाही. पण भांडी पुसून तो शाळेत जातो. हे सगळं मामांना सांगायला हवं होतं. आम्ही निम्मंच बोललो, कारण जेवण त्यांच्याकडे होतं.

मुलीच्या आईशीही बोललो. ती म्हणाली, एक हात जास्त असला की दिवसाकाठी चार पैसे जास्त पडतात, आणि पोरगी घरी एकटी ठेवायची कुठे? तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपण दरवेळी ऐकतो, आणि सकाळपासून राबलेल्यांची आपल्याला दया येते. आमच्या मुलांना तर तो मालक साफ चुकलेला वाटतो. पण ह्या वेळी आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. तो मालक दिवसातून पाच वेळा बाहेर बाजारात जातो आणि कोण कोण उभं राहिलंय ते बघतो. आम्ही सुट्टीभर वाटे समान आहेत का एवढंच बघत होतो. वाट्याला बसलेत किती जण, हे मोजलंच नव्हतं.

रात्री मामांच्या ओसरीवर केकचा डबा उघडला. मुलाने न सांगता तीन वाटे केले. तिसरा कोणाचा ते कोणी विचारलं नाही. धाकटी मात्र लगेच म्हणाली, "माझा लहान झाला!" आणि खरंच झाला होता. त्याने तिच्या वाट्यातूनच जास्त काढलं होतं, स्वतःच्या वाट्यातून थोडं. त्यावरून परत भांडण, रडारड, शेवटी त्याने आपल्यातला एक तुकडा तोडून तिला दिला, तोही आम्ही डोळे वटारल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा त्या मुलीच्या घरी पोचवला. केकच्या तुकड्याने काय होणार, हे आम्हांलाही कळत होतं. निघायच्या वेळी डबा परत आला. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. तो बोरांनी गच्च भरलेला होता. आम्ही दिलं होतं त्यापेक्षा ते नक्कीच जास्त होतं.

वाटेत गाडी थांबवून आम्ही मुलाला सांगितलं, की त्या दिवशी आम्ही खोटं बोललो, तिला सुट्टी नव्हती. "मला माहितेय," तो म्हणाला आणि बी थुंकून दुसरं बोर तोंडात टाकलं.

संक्रांतीला पुन्हा देवळीला जायचं आहे. त्याआधी तिच्या शाळेतल्या बाईंना भेटून यायचं आम्ही ठरवलं आहे. मामांशी राहिलेलं निम्मं बोलणंही आहे. परवा अभ्यास करता करता मुलाने विचारलं, "आता ती शाळेत जात असेल?"

"माहीत नाही," आम्ही म्हणालो.